डॉ. ऑर्टन आणि उलटी अक्षरे

१९२५ सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ग्रीन परगण्यात मानसिक आरोग्याचे एक फिरते केंद्र आले. हा सगळा भाग ग्रामीण, शेतकऱ्यांचा. परगण्यातील शिक्षकांना निरोप गेले होते, की तुमच्या वर्गात जी मुले मागे पडली आहेत, वारंवार नापास होत आहेत, मठ्ठ म्हणून गणली गेली आहेत, ती तपासणीसाठी पाठवा. शिक्षकांनी ती पाठवली. त्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. वैद्यकीय वाङ्मयात त्याचे नाव आलेले नाही, एम. पी. एवढी आद्याक्षरेच आली आहेत. इतकी वर्षे शाळेत काढूनही हा मुलगा वाचायला शिकला नव्हता.

ज्यांच्या रुग्णालयातर्फे हे केंद्र आले होते त्या डॉक्टरांचे नाव सॅम्युअल टॉरी ऑर्टन. आपल्या महाविद्यालयात मानसशास्त्र घेणाऱ्यांनीसुद्धा हे नाव क्वचितच ऐकले असेल. आपल्या क्रमिक पुस्तकांत फ्रॉइड येतो, पॅव्हलॉव्ह येतो, त्याचा कुत्रा तर हमखास येतो. ऑर्टन येत नाहीत. परंतु ज्यांना वाचता येत नाही अशा मुलांना शिकवणाऱ्या जगभरच्या शिक्षकांना हे नाव आपल्या गुरुजींच्या नावाइतके ओळखीचे आहे. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे माझ्या फार दिवस मनात होते. त्याला एक खाजगी कारणही आहे. ते पुढे येईलच.

सॅम्युअल ऑर्टन यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८७९ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथे झाला. घराणे विद्येचे. वडील एडवर्ड ऑर्टन हे नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि आज ओहायो स्टेट विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे पहिले अध्यक्ष होते. म्हणजे ज्यांनी पुढे अक्षरशत्रू ठरलेल्या मुलांसाठी आयुष्य वेचले ते स्वतः पुस्तकांच्या राशीतच वाढले. ओहायोतील शिक्षण संपवून त्यांनी पेनसिल्वानिया विद्यापीठातून १९०५ साली वैद्यकाची पदवी घेतली. पुढची काही वर्षे त्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात घालवली. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील मनोरुग्णालयात आणि नंतर फिलाडेल्फियात त्यांनी हे काम केले. मनोविकारांच्या क्षेत्रात आलेला हा माणूस मुळात विकृतिशास्त्राचा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांचे बळ आणि त्यांची चूक, दोन्हींचा उगम येथे आहे.

१९१९ साली ते आयोवा सिटी येथे आले. तेथे राज्याचे नवे मनोविकार रुग्णालय उभे राहत होते, त्याचे ते पहिले संचालक झाले आणि विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापकही. रुग्णांनी आपल्याकडे यावे याची वाट पाहत न बसता आपणच लोकांच्या गावी जावे, ही कल्पना तेथे आकाराला आली. ग्रीन परगण्यातील केंद्र हा त्या कल्पनेचा प्रयोग होता. या कामात जून लायडे नावाच्या एका समाजकार्यकर्तीचा मोठा वाटा होता. पुढे त्या ऑर्टन यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. त्यांच्याकडे नंतर वळू.

आता पुन्हा एम. पी.कडे येऊ. त्या काळी बुद्धिमापनाच्या कसोट्या नव्या होत्या आणि नव्या हत्यारावर असावा तसा लोकांचा त्यांच्यावर गाढ विश्वास होता. स्टॅनफर्ड-बिने कसोटीवर या मुलाचा बुद्ध्यंक ७१ भरला. हा आकडा कागदावर उतरला की बहुतेक तज्ज्ञ पुढच्या मुलाला हाक मारीत. ऑर्टन थांबले. त्यांना वाटले, हा मुलगा बोलतो कसा, ऐकतो कसा, यंत्राची रचना कशी चटकन ओळखतो, आणि हा आकडा काय सांगतो! दोहोंचा मेळ बसेना. तेव्हा त्यांनी अक्षरांचा संबंध येत नाही अशा कसोट्या त्याला दिल्या. चित्रातला राहिलेला भाग शोधायचा, वस्तूंचे परस्परसंबंध ओळखायचे, अशा कामांत तो कितीतरी पुढे होता. त्यावरून ऑर्टन यांनी सरळ निष्कर्ष काढला, की या मुलाच्या बुद्धीचे मोजमाप झालेलेच नाही. मोजले गेले आहे ते त्याचे न वाचता येणे.

आज हे वाक्य साधे वाटते. १९२५ साली एका रुग्णालयाच्या संचालकाने शास्त्रीय कसोटीच्या आकड्यावर विश्वास न ठेवता समोर बसलेल्या खेड्यातल्या पोरावर विश्वास ठेवावा, हे साधे नव्हते.

तसे पाहिले तर हा विकार वैद्यकाला अगदीच अपरिचित होता असे नाही. मेंदूला इजा झालेल्या प्रौढ माणसाची दृष्टी शाबूत राहून वाचन मात्र जाते, हे जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी १८७७ साली नोंदवले होते आणि त्याला शब्दांधत्व म्हटले होते. १८८७ साली स्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी डिस्लेक्सिया हा शब्द घडवला. तो ग्रीक आहे. शब्दांची अडचण असा त्याचा ढोबळ अर्थ. १८९६ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरील सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा पर्सी आपले स्वतःचे नावही प्रेसी असे लिहून ठेवी, परंतु ७४९ ला ८६७ ने गुणायला सांगितले तर अचूक आणि झटपट गुणून दाखवी. त्याच्या शिक्षकांचे मत होते, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. पुढे ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवुड यांनी १९१७ साली जन्मजात शब्दांधत्वावर पुस्तकच लिहिले. त्यांची समजूत अशी, की मेंदूत शब्दांची स्मृती साठवणारी एक जागा असते आणि या मुलांत ती जन्मतःच सदोष असते. म्हणजे जागाच नाही तिथे भरायचे काय?

ऑर्टन यांना हे पटले नाही. त्यांनी एम. पी. आणि त्याच्यासारख्या इतर मुलांच्या चुका जमा करायला सुरुवात केली. चूक झाली एवढे पाहून ते थांबत नसत; चूक कशी झाली हे ते पाहत. रोमन लिपीतले लहान बी आणि डी घ्या. एकच आकृती, आरशात धरल्यासारखी फिरवलेली. पी आणि क्यू यांचेही तसेच. ही मुले त्यांची नेमकी अदलाबदल करीत होती. वॉज हा शब्द उलट दिशेने वाचला की इंग्रजीत सॉ होतो. मुले तसे वाचीत. काही मुले तर मजकूर आरशात धरला असता अधिक सहज वाचीत, आणि काही मुले डाव्या हाताने आरशातली वाटावी अशी उलटी अक्षरे सफाईने काढीत. जागाच सदोष असती तर चुका वाटेल तशा झाल्या असत्या. या चुकांना तर वळण होते! त्याच वर्षी त्यांनी शाळेतील मुलांच्या शब्दांधत्वावर निबंध प्रसिद्ध केला आणि या स्थितीला नवे नाव सुचवले, स्ट्रेफोसिम्बोलिया. चिन्हांची उलथापालथ असा त्याचा अर्थ. नाव इतके जडजंबाल, की ते टिकले नाही यात नवल नाही. ज्या मुलांना दोन अक्षरी शब्द वाचवत नाही त्यांच्या दुखण्याला असे नाव द्यावे, ही वैद्यकशास्त्राची जुनी खोड आहे.

या उलथापालथीचे कारण त्यांनी मेंदूत शोधले. त्यांचे म्हणणे असे, की अक्षराचा ठसा मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही गोलार्धांत उमटतो, परंतु दुसरीकडचा ठसा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा असतो. सर्वसाधारण माणसात एक गोलार्ध वरचढ होतो आणि दुसऱ्याचा ठसा दाबून टाकतो. या मुलांत कोणताच गोलार्ध पुरता वरचढ होत नाही, म्हणून सुलटी आणि उलटी प्रतिमा एकमेकींशी झगडतात. यामुळेच डावखुरेपणाकडे त्यांचे लक्ष गेले. मूल कोणत्या हाताने चेंडू फेकते, कोणत्या डोळ्याने नेम धरते, हे ते बारकाईने नोंदवीत, आणि डावखुऱ्या मुलाला जबरदस्तीने उजव्या हाताने लिहायला लावण्याला त्यांचा विरोध होता. आपल्या घरांतून डाव्या हाताने जेवणाऱ्या पोराच्या हातावर अजूनही चापटी बसते. तेव्हा हा एक मुद्दा तरी आपल्याला दूरचा वाटू नये.

हा सिद्धान्त सुंदर आहे. तो चुकीचा आहे, हेही सांगून टाकले पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात फ्रँक व्हेलुटिनो या मानसशास्त्रज्ञाने एक मार्मिक प्रयोग केला. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना आणि चांगले वाचणाऱ्या मुलांना त्याने हिब्रू अक्षरे दाखवून ती आठवणीने काढायला सांगितली. हिब्रू दोघांनाही येत नव्हती. दोन्ही गटांनी अक्षरे जवळपास सारखीच काढली! म्हणजे डोळ्यांत वा प्रतिमेत उलटसुलट काही होत नव्हते. अडचण होती ती आकृतीला तिचा ध्वनी चटकन जोडण्यात, आणि बोललेला शब्द त्याच्या सुट्या ध्वनींत फोडण्यात. त्यानंतर झालेल्या मेंदूच्या छायाचित्रणातही या मुलांच्या डाव्या गोलार्धातील काही भाग वाचताना कमी कार्यरत असतात असे आढळून आले. परंतु आरशातली प्रतिमा कोठे आढळली नाही. शिवाय अक्षरे उलटी काढणे हे सहासात वर्षांपर्यंत कित्येक मुलांत दिसते. तेवढ्यावरून कोणाला डिस्लेक्सिया आहे असे ठरवता येत नाही.

मग ऑर्टन यांचे राहिले काय? माझ्या मते पुष्कळ राहिले. सिद्धान्त चुकला, पण त्यातून त्यांनी जो व्यवहार काढला तो बऱ्याच अंशी बरोबर निघाला. हिन्शेलवुड यांच्या सदोष जागेला इलाज करणे कठीण होते. ऑर्टन यांच्या झगडणाऱ्या प्रतिमांना मात्र शिकवून वळण लावता येण्यासारखे होते. तेव्हा त्यांनी शिकवण्याचा विचार सुरू केला, आणि डॉक्टर असूनही औषधाच्या बाटलीचे नाव काढले नाही.

त्या वेळी अमेरिकेच्या शाळांत पाहा आणि म्हणा ही पद्धत जोरात पसरत होती. अक्षरांच्या ओळखीत वेळ न दवडता मुलाला सबंध शब्द चित्रासारखा दाखवायचा आणि पाठ करून घ्यायचा. बहुतेक मुले या पद्धतीने शिकतही. परंतु १९२९ साली ऑर्टन यांनी एका निबंधात इशारा दिला, की काही मुलांच्या बाबतीत हीच पद्धत वाचनदोषाला खतपाणी घालते. या मुलांना शब्दाचे चित्र पक्के धरून ठेवता येत नाही. त्यांना शब्द बांधायला शिकवले पाहिजे. एकेक अक्षर, त्याचा एकेक ध्वनी, मग ते ध्वनी क्रमाने जोडणे. आणि नुसते पाहून नव्हे. मुलाने अक्षर डोळ्यांनी पाहावे, त्याचा ध्वनी कानांनी ऐकावा, तोंडाने म्हणावा आणि त्याच क्षणी बोटाने तो आकार गिरवावा. डोळा फसला तर हात सांभाळून घेईल, ही त्यामागची कल्पना. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने त्यांनी आयोवात यावर संशोधन चालवले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मॅरियन मन्रो यांनी पुढे वाचनदोषांच्या निदानात मोठे नाव मिळवले.

येथे मला माझ्या आजोबांची धूळपाटी आठवते. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथे कागद महाग होता. पाटावर बारीक धूळ पसरून तीत बोटाने अ काढायचा, मोठ्याने अ म्हणायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. धुळाक्षरे गिरवणे हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो, पण ती प्रत्यक्ष गिरवलेली माणसे आता विरळाच. आमच्या पंतोजींनी ऑर्टन वाचले नव्हते आणि ऑर्टन यांना आमचे पंतोजी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी डोळा, कान, जीभ आणि बोट यांना एकाच वेळी कामाला लावण्याची युक्ती दोन्हीकडे एकच. पंतोजींच्या हातात छडीही असे, हा फरक आहेच.

आता ते खाजगी कारण. मी चौथीत असताना मला धडा वाचता येत नव्हता. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष ही अक्षरे माझ्यासमोर जागा बदलून उभी राहत. पहिली वेलांटी हा तर माझा जन्माचा वैरी. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर, हा अन्याय आहे असे माझे आजही मत आहे. र हे अक्षर कधी डोक्यावर रफार होऊन बसते, कधी पायाशी तिरकी रेघ होऊन येते. वर्गात माझी वाचायची पाळी आली की मुले आधीच हसायला लागत. मला शाळेत ढ म्हणत. आपल्या भाषेची गंमत पाहा, बुद्धू मुलाला नाव द्यायचे तेही अक्षराचे! ब्राह्मी लिपीपासून ढ फारसा बदलला नाही, म्हणून जो बदलत नाही तो ढ, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. एका शिक्षकांनी माझ्या आईला बोलावून सांगितले, की याला पुढे शिकवण्यात पैसे घालू नका, दुकानात बसवा. आईने ते ऐकून घेतले आणि घरी येऊन परातीत तांदळाचे पीठ पसरले. आजोबा समोर बसले. रोज संध्याकाळी मी त्या पिठात बोट फिरवत अक्षरे मोठ्याने म्हणत असे. दोन वर्षे हा कार्यक्रम चालला. पीठ वाया जाऊ नये म्हणून त्याची नंतर घावने होत. त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीला माझ्या अभ्यासात विलक्षण रस होता. प्रस्तुत लेखातील ऱ्हस्व-दीर्घही तिनेच तपासले आहेत.

मी वाचायला शिकलो. हळू वाचतो, आजही. दुसरीकडे ज्याला एक दिवस पुरतो त्या पुस्तकाला मला आठवडा लागतो. डिस्लेक्सिया जात नाही, त्याच्यासह राहायला शिकावे लागते. वाचनालयात मी ओळीखाली पट्टी धरून वाचताना दिसतो, त्यामागे हे आहे. आणि ऑर्टन यांच्याविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यांच्या सिद्धान्तापेक्षा माझ्या मनात भरली ती दुसरीच गोष्ट. त्या काळच्या पुष्कळ मनोविकारतज्ज्ञांचे म्हणणे असे, की मूल हट्टी आहे, भेदरलेले आहे, घरात काही बिनसले आहे, म्हणून ते वाचत नाही. ऑर्टन यांनी हा क्रम उलटा केला. मूल भेदरते, चिडते, शाळा चुकवते, कारण त्याला वाचता येत नाही आणि रोज चारचौघांत ते उघडे पडते. भीती हे कारण नव्हे, तो परिणाम आहे. हे त्यांना कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसले असेल?

१९२७ नंतर ऑर्टन यांचा आयोवाशी संबंध तुटला. १९२८-२९ या वर्षी ते अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात व तेथील मज्जासंस्थेच्या संस्थेत त्यांनी काम केले. या न्यूयॉर्कच्या काळात त्यांना ॲना गिलिंगहॅम भेटल्या. ही भेट झाली नसती तर ऑर्टन हे नाव जुन्या नियतकालिकांत पडून राहिले असते, असे मला खात्रीने वाटते. गिलिंगहॅम या न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर शाळेत मानसशास्त्रज्ञ होत्या. वयाने ऑर्टन यांच्याहून वर्षभराने मोठ्या. हुशार मुले शुद्धलेखनात आणि वाचनात का कोसळतात, हा प्रश्न त्यांनाही छळत होता. ऑर्टन यांच्याकडे कल्पना होती. पण सोमवारी सकाळी वर्गात गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, हे कल्पनेतून कळत नाही. ते काम गिलिंगहॅम आणि त्यांच्या सहकारी शिक्षिका बेसी स्टिलमन यांनी केले. कोणता ध्वनी आधी, कोणता मागाहून. अक्षरांचे पत्ते कसे करायचे. मुलाने काय म्हणायचे आणि शिक्षकाने कधी गप्प बसायचे, याचा पायरीपायरीने जाणारा सबंध आराखडा त्यांनी बांधला. १९३० नंतरच्या दशकात त्याचे पुस्तक झाले आणि पुन्हापुन्हा सुधारून निघत राहिले. या पद्धतीचे नाव ऑर्टन-गिलिंगहॅम असे पडले. स्टिलमन यांचे नाव मात्र त्यातून गळाले. शिक्षिकेचे नाव गळते, हे आपल्याकडेही नवे नाही.

१९३६ साली ऑर्टन यांना सामन स्मृती व्याख्याने देण्यासाठी पाचारण करण्यात आले. पुढच्या वर्षी ती मुलांच्या वाचन, लेखन आणि वाचेच्या अडचणींवरील ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. बारा वर्षांचा अनुभव त्यात आहे. वाचता न येणारे, अक्षर न वळणारे, उशिरा बोलणारे, तोतरे बोलणारे, अशा सगळ्या मुलांना त्यांनी एका सूत्रात गुंफण्याचा यत्न केला. सूत्र आज ढिले पडले आहे. मुलांची वर्णने मात्र अजून ताजी आहेत.

१९४८ साली ऑर्टन निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि पत्नी जून ऑर्टन यांनी ऑर्टन सोसायटी स्थापन केली. जूनबाई नुसत्या स्मारकावर थांबल्या नाहीत. १९५७ मध्ये उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे त्यांनी वाचनकेंद्र काढले आणि मुलांबरोबर शिक्षकांनाही शिकवले. सोसायटीच्या नावात १९८२ साली डिस्लेक्सिया हा शब्द आला, आणि १९९७ साली ती आंतरराष्ट्रीय डिस्लेक्सिया संघटना झाली तेव्हा ऑर्टन यांचे नाव त्यातून गेले. गिलिंगहॅमबाई १९६३ साली वारल्या.

त्यांच्या पद्धतीविषयी एक गोष्ट मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला लपवता येणार नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड क्रमाने, उघडपणे आणि चिकाटीने घालून दिली तर या मुलांना लाभ होतो, याला भक्कम आधार आहे. पण ऑर्टन-गिलिंगहॅम म्हणून जी विशिष्ट पद्धत आहे तिच्यावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा निष्कर्ष अनुकूल दिशेचे असले तरी संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरते उतरले नाहीत. बोटाने गिरवण्यामुळे नेमके किती साधते, याचा वाद चालू आहे. आईचे पीठ मला किती उपयोगी पडले आणि आजोबांचे समोर बसून राहणे किती, हे मलाही वेगळे काढून दाखवता येणार नाही.

आपल्याकडे १९९६ साली मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. २००७ साली आलेल्या तारे जमीन पर या चित्रपटाने हा शब्द घरोघर पोचवला, हेही खरे. तोपर्यंत पालकांना तो आजार वाटे, नाहीतर आळस. मात्र मोठ्या शहरांत जे तपासणीचे आणि विशेष शिक्षकांचे साहाय्य मिळते ते तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही, आणि जे मिळते त्यातले बरेचसे इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांसाठी बेतलेले असते. बी आणि डी यांचे पत्ते तयार आहेत. घ आणि ध यांचे पत्ते करायला आपल्यातलेच कोणीतरी बसले पाहिजे. मराठी आणि मानसशास्त्र हे दोन्ही विषय असलेल्या आपल्या महाविद्यालयात असा एखादा प्रकल्प का होऊ नये, हे मी आमच्या विभागात विचारून ठेवले आहे.

मॅरियन मन्रो यांचे नाव वर आले आहे. त्यांच्याकडून मार्गदर्शन घेतलेल्यांत सॅम्युअल कर्क नावाचा एक तरुण होता. याच कर्क यांनी १९६३ साली शिकागोत भरलेल्या पालकांच्या एका सभेत अशा मुलांसाठी अध्ययन अक्षमता हा शब्दप्रयोग रूढ केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणून तो आला आहे, आणि सरकारी रुग्णालयाने मला दिलेल्या प्रमाणपत्रावरही तोच आहे. त्या कागदाच्या आधारे परीक्षेत मला तासामागे वीस मिनिटे अधिक मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मागच्या सत्राच्या मराठीच्या पेपराला मी त्यातली चाळीस मिनिटे वापरली.